स्पीकरच्या अलीकडे

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातले गायनवर्ग मोबाइल आणि लॅपटॉपवर आले, तेव्हा अनेक शिक्षकांना पहिला धक्का दिला तो तंबोऱ्याने. गुरूंच्या खोलीत तंबोरा नीट लागलेला असे, जवारी खुललेली असे. पण पलीकडे शिष्याच्या कानात पडे तो नुसता गळा, आणि तोही मध्येच गिळल्यासारखा. लांब षड्ज लावला की थोड्या वेळाने तो विरत जाई. शिष्याला वाटे गुरुजींचा दम संपला, गुरुजींना वाटे नेट गेलं.

नेटचा दोष होताच, पण अर्धाच. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट दाबणारी एक यंत्रणा बसवलेली असते. जो आवाज न बदलता सलग चालू राहतो तो पंखा किंवा कूलर, आणि जो तुटक, चढउतारांचा तो माणसाचं बोलणं, अशी तिची ठोकळ समजूत. तंबोऱ्याचं तर सगळं वैभवच सलग चालू राहण्यात आहे. यंत्राने तो पंख्याच्या रांगेत बसवला आणि पुसून टाकला. 'ओरिजिनल साउंड' नावाची खूण झूममध्ये होती, ती लावली की ही पुसापुशी थांबे. पुढे २०२० च्या उत्तरार्धात झूमने संगीतासाठी आणखी वरच्या दर्जाची सोय दिली. पण ती खूण सेटिंगच्या आत होती, आणि गाणं शिकवणाऱ्या माणसाने तिथवर जावं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संगणकावर आपण रोज गाणं लावतो तेव्हाही असंच काहीतरी घडत असतं, फक्त इतकं उघडपणे नाही. फाइल आणि स्पीकर यांच्यामध्ये बरीच मंडळी बसलेली असतात आणि जो तो आपल्या समजुतीप्रमाणे आवाजाला हात लावतो. पैठण गेटच्या दुकानांत आपण हेडफोनसाठी घासाघीस करतो, स्पीकर बदलतो, पण स्पीकरच्या अलीकडे काय चाललं आहे ते पाहायला एक पैसा लागत नाही, आणि नेमकं तेच पाहायचं राहून जातं. ऐकणाऱ्याला न विचारता मधल्या कुणी गाण्याला हात लावू नये, आणि लावलाच तर तो कुठे लावला हे त्याला ठाऊक असावं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

सुरुवात आकड्यांपासून करावी लागेल. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं नोंदलेली असतात, डाव्या-उजव्या कानासाठी वेगळी, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेलं. ४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला इतिहास आहे. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओच्या टेपवर होत असे. टीव्हीच्या चित्रातल्या एका ओळीत तीन मोजमापं, अशा २४५ ओळी आणि सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० वेळा, तरी उत्तर तेच. पुढे व्हिडिओच्या जगाने स्वतःसाठी ४८,००० हा दर ठरवला. आजचा लॅपटॉप मुळात व्हिडिओ पाहण्यासाठी आणि कॉलसाठी घडवलेला, म्हणून त्याच्या आवाजाचा दर बहुधा ४८,०००. सीडीवरून उतरवलेली आपली गाणी मात्र ४४,१०० ची.

इथे मनमाड आठवतं. नव्वदच्या दशकात रुंद रूळ येईपर्यंत आपल्या शहराला जाणारी गाडी मीटरगेजची होती. मुंबईहून येणाऱ्याला मनमाडला उतरून, सामानसुमान घेऊन दुसऱ्या फलाटावरच्या लहान गाडीत बसावं लागे. विंडोजच्या आत असंच एक जंक्शन आहे, त्याला मिक्सर म्हणतात. प्लेअरचं गाणं, ब्राउझरमधला व्हिडिओ, ईमेल आल्याची टिंग, सगळे तिथे उतरतात आणि एकाच दराच्या गाडीत बसतात. ४४,१०० च्या गाण्यातल्या दर १४७ मोजमापांच्या जागी १६० नवी मोजमापं गणिताने तयार करावी लागतात. मूळची बहुतेक मोजमापं जातात आणि त्यांच्या आसपासच्या किमतीची नवी येतात.

हे गणित वाईट असतं असं मी म्हणणार नाही. विंडोज एक्सपीच्या काळात ते खरोखर कच्चं होतं. त्या वेळी सायबर कॅफेत विनॅम्पवर गाणी ऐकलेल्यांना झांजेच्या आवाजातला खरखरीतपणा आठवेल, त्यातला काही वाटा या बदलाचाही असे. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने बांधली, मिक्सर ३२ बिटांत हिशेब करू लागला आणि दर बदलण्याचं गणितही सुधारलं. तरी जे काम करावंच लागत नाही ते कशाला करू द्यायचं? टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करा, साउंड सेटिंग्ज, तिथून जुन्या पद्धतीची साउंडची चौकट उघडा, आपला स्पीकर निवडा, प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे 'डिफॉल्ट फॉरमॅट' अशी यादी आहे. तुमच्या संग्रहात सीडीवरची गाणी जास्त असतील तर २४ बिट, ४४,१०० निवडा. यूट्यूब आणि सिनेमेच जास्त असतील तर ४८,००० राहू द्या.

त्याच चौकटीत 'एन्हान्समेंट्स' नावाचं पान असतं. बेस बूस्ट, व्हर्च्युअल सराउंड, लाउडनेस इक्वलायझेशन. काही लॅपटॉपवर कंपनीचं स्वतःचं रंगीत सॉफ्टवेअर असतं आणि या खुणा दुकानातून येतानाच लावलेल्या असतात. यातली सर्वांत घातक लाउडनेस इक्वलायझेशन. हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करणं हे तिचं काम. बातम्या ऐकायला सोय होते. विलंबित ख्यालाला मात्र ती मारक आहे. गवई मंद्रात अगदी दबक्या आवाजात सुरू करतो आणि पाऊण तासाने तार सप्तकात पोचतो; त्या चढणीतच ख्यालाची बांधणी आहे. या खुणेने ती चढण सपाट होते. बिनदिक्कत काढून टाका.

'कम्युनिकेशन्स'च्या पानावर आणखी एक गोष्ट सापडते. कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा, अशी सूचना तिथे मुळातच दिलेली असते. मीटिंग संपल्यावर गाणं बारीक झालेलं वाटलं तर आधी तिथे पाहावं.

आता प्लेअर. मराठी घरांत संगणकावर सर्वांत जास्त दिसतो तो व्हीएलसी, कारण तो काहीही वाजवतो. त्याच्या आवाजाच्या पट्टीकडे मात्र नीट पाहा. ती १०० वर थांबत नाही, १२५ पर्यंत जाते. मूळ मुद्रणात १०० म्हणजे शेवटची पायरी. त्याच्या वर पायऱ्याच नाहीत. तिथवर पोचलेल्या आवाजाला आणखी ढकललं की लहरींचे माथे सपाट कापले जातात. तबल्याची खणखणीत थाप फुटते, निवेदकाचा आवाज पत्र्यासारखा होतो, आणि आपण म्हणतो स्पीकर बसला. लग्नाच्या हॉलमध्ये, गणेशोत्सवाच्या मंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात लॅपटॉपवरून गाणी वाजतात तिथे हा प्रकार हमखास ऐकू येतो. प्लेअरची पट्टी १०० वर ठेवावी आणि आवाज वाढवायचा तो ॲम्प्लिफायरवर.

पट्टी कमी केल्यानेही काही जातं. दर ६ डेसिबल कमी केले की एक बिट हातचा जातो. प्लेअरमध्ये १२ डेसिबल खाली आणलं आणि बाहेर जाणारा आवाज १६ बिटांचाच असला, तर १४ बिट उरले. म्हणूनच वर २४ बिट निवडायला सांगितलं. फाइल १६ बिटांची असली तरी बाहेर जाताना ८ बिटांची जागा मोकळी राहते आणि पट्टी खालीवर केल्याने मूळ गाण्याची पायरी मोडत नाही.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी फूबार२००० आहे. २००२ पासून पोलंडच्या पीटर पॉलॉवस्की यांनी वाढवलेला हा फुकटचा प्लेअर दिसायला अगदी साधा, पण त्याच्या 'आउटपुट'च्या पानावर सगळं उघड मांडलेलं असतं. उपकरणांच्या यादीत त्याच स्पीकरचं नाव दोनदा दिसतं, एकदा नुसतं आणि एकदा 'एक्सक्लुझिव्ह' असं पुढे लिहिलेलं. हे दुसरं निवडलं की मिक्सरचं जंक्शन टळतं. गाणं फाइलमध्ये ज्या दरात आहे त्याच दरात थेट साउंड कार्डाकडे जातं, आणि तेवढा वेळ ईमेलची टिंगही वाजत नाही. यासाठी ॲडव्हान्स्डच्या पानावर 'एक्सक्लुझिव्ह' ताब्याला परवानगी देणारी खूण लावलेली असावी लागते. बैठक मारून ऐकायचं असेल तेव्हा मी हेच वापरतो. दिवसभर काम करताना मागे गाणं हवं असेल तर साधी वाटच बरी.

त्याच प्लेअरमध्ये 'रिप्लेगेन' आहे. २००१ मध्ये सुचवलेली ही पद्धत फाइलमधल्या आवाजाला हात लावत नाही. गाणं कानाला किती मोठं वाटेल ते मोजून तेवढा आकडा बाजूला लिहून ठेवते आणि वाजवताना पट्टी आपोआप खालीवर करते. १९६० च्या भावगीतामागोमाग आजचं सिनेमातलं गाणं लागलं की दचकून हात पट्टीकडे जातो, ते यामुळे थांबतं. पण ती गाण्यागणिक लावायची की अल्बमगणिक, हे आपण ठरवायचं. नाटकाच्या किंवा मैफलीच्या संपूर्ण मुद्रणाला अल्बमगणिकच लावावी, नाहीतर हळू भैरवी आणि जोरकस तराणा एकाच उंचीवर येऊन बसतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आता महागड्या 'हाय-रेझ' फाइली, ९६,००० आणि १,९२,००० चे दर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा घ्यायला हव्यात. मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण आपल्या शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे.

दौलताबादचा किल्ला तेव्हा देवगिरी होता. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेबाच्या खात्याचे प्रमुख होते. घराणं काश्मीरहून आलेलं. त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि हिंदुस्थानी असो की कर्नाटक, दोन्ही परंपरा आजही त्याचा आधार घेतात. शहरात एमजीएमच्या महागामी गुरुकुलात त्यांच्या नावाने समारोह होतो. सप्तकात श्रुती किती हे सिद्ध करण्याची भरतापासून चालत आलेली रीत शार्ङ्गदेवांनी या ग्रंथात सविस्तर मांडली. २२ तारांच्या दोन वीणा घ्यायच्या. पहिली तार सर्वांत खाली, पुढची प्रत्येक तार इतकीच वर की दोघींच्या मध्ये तिसरा आवाज कानाला सापडू नये. दोन्ही वीणा अगदी सारख्या लावायच्या. मग एक, ध्रुववीणा, तशीच ठेवायची आणि दुसरी, चलवीणा, एकेका श्रुतीने उतरवत जायची. दुसऱ्या उतरणीला चलवीणेचा गंधार ध्रुववीणेच्या ऋषभात मिसळतो, तिसऱ्या उतरणीला ऋषभ षड्जात. मिसळला की नाही, याचा निवाडा कानानेच करायचा.

आज ध्वनिशास्त्राची मंडळी ज्याला एबीएक्स चाचणी म्हणतात तिचा गाभा मला या दोन वीणांत दिसतो. एक ठरलेला आवाज, दुसरा बदललेला, आणि फरक ऐकू येतो का एवढाच प्रश्न. नव्या चाचणीत भर पडली ती डोळे बांधण्याची. फूबारला एक जोड लावता येते. तुम्ही दोन फाइली द्यायच्या, समजा एक मूळची आणि एक ३२० केबीपीएसची एमपी३. यंत्र त्यातली एक चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून 'एक्स' म्हणून ऐकवतं; ती कोणती ते तुम्ही सांगायचं. हे १६ वेळा करायचं. १२ किंवा त्याहून जास्त उत्तरं नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता साधारण ४ टक्के, म्हणजे तितकी आली तर तुमचा कान खरोखर काहीतरी पकडतो आहे. दोन्ही फाइलींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा लागतो, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी जास्त चांगला वाटतो. दुकानात महागडी वस्तू सरस वाटते त्यामागे कितीदा एवढंच असतं.

अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी वरच्या दर्जाचं मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर आणलेलं मुद्रण अशी तुलना लोकांना करायला लावली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी इतकीच आली असती. सीडीचा दर्जा ऐकण्यासाठी पुरेसा आहे यावर माझा विश्वास बसला तो अशा चाचण्यांमुळे.

१२८ केबीपीएसच्या एमपी३चं मात्र तसं नाही. सीडीवर सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट असतात. १२८ केबीपीएसमध्ये त्यांतले अकरातले एक उरतात, आणि १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा पार छाटलेला असतो. हा फरक ऐकायचा असेल तर भजनातले टाळ लावा. टाळ वाजण्याच्या किंचित आधीच एक धुरकट सुस्कारा येतो. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून हिशेब करतं, आणि अचानक येणाऱ्या आघाताची चूक त्या पूर्ण तुकड्यावर पसरते, आघाताच्या आधीही. चिपळ्या आणि घुंगरू यांचंही तेच. मोबाइलवर फिरत राहिलेल्या अनेक अभंगांच्या फाइली अशा दोन-तीनदा दाबल्या गेल्या आहेत. त्यांना एक्सक्लुझिव्हची वाट दिली तरी गेलेलं परत येत नाही. ब्लूटूथ स्पीकरवरही हेच लक्षात ठेवावं: लॅपटॉप आवाज पाठवण्याआधी तो पुन्हा एकदा दाबतोच.

म्हणजे ऐकण्याच्या बाजूला पाच मिनिटांचं काम आहे, ते करावं आणि निश्चिंत व्हावं. खरी घाई आहे ती आवाज आत घेण्याच्या बाजूला. या शहरात पं. नाथराव नेरळकरांसारख्या गायकांनी शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. नेरळकर २०२१ मध्ये गेले. जालना रोडवरच्या आकाशवाणीचे कार्यक्रम लोकांनी घरी टेपवर उतरवले, घरगुती बैठकी आणि गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम मुद्रित झाले. त्यातलं फारच थोडं कुठल्या कंपनीने काढलं असेल. उरलेलं कपाटांत आहे, आणि कॅसेटची फीत दरवर्षी थोडी थोडी झिजते, चिकटते.

उस्मानपुऱ्यात एका गायनशिक्षिकेकडे मी हे काम चाललेलं पाहिलं. टीव्हीच्या खालच्या कप्प्यात नव्वद मिनिटांच्या कॅसेटी, पाठीवर शाईने लिहिलेली रागांची नावं, काही पुसट. डेकच्या हेडफोनच्या भोकातून दोन्ही टोकांना सारखी पिन असलेली तार लॅपटॉपच्या भोकात घातलेली आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू. लहरी पडद्यावर छान दिसत होत्या, पण गाण्याच्या मधल्या विरामांत फितीची सूं सूं हळूहळू चढायची आणि समेची थाप पडली की सगळा आवाज दचकून खाली जायचा. तंबोरा तर नव्हताच. "ताई, कॅसेटच खराब झालीय," असं मदतीला आलेल्या शिष्याचं मत. मग त्याच डेकला हेडफोन लावून ऐकलं, तर तंबोरा दोन्ही कानांत भरून राहिला होता.

दोष लॅपटॉपच्या भोकात होता. आजकालच्या लॅपटॉपला एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक दोन्हींचं. त्यातून आत जाणारा आवाज माइकचा धरला जातो, म्हणजे एकाच कानाचा, आणि त्यावर गोंगाट दाबणं, प्रतिध्वनी काढणं, आवाज आपोआप खालीवर करणं हे सगळं चालू. शिष्याने रेकॉर्डिंगच्या पानावर जाऊन एन्हान्समेंट्सच्या खुणा एकेक करून काढल्या, तेव्हा तंबोरा आला, पण एकाच बाजूचा. दोन्ही बाजू मिळाल्या त्या 'लाइन-इन' असलेलं यूएसबीचं लहान ऑडिओ इंटरफेस लावल्यावर. तरी एक घूं घूं उरली. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती थांबली: डेक आणि चार्जर यांच्या अर्थिंगमध्ये फिरणारी ५० हर्ट्झची वीज तारेतून गाण्यात शिरत होती. वीज गेलेली असताना साध्या इन्व्हर्टरवर हे काम करूच नये, त्याची करकर वेगळीच.

घरी हे काम करणाऱ्यांनी आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावं. कॅसेट एकदा पुढेमागे पूर्ण फिरवून घ्यावी. ऑडॅसिटीत २४ बिट ठेवावं, दर ४४,१०० किंवा ४८,००० पुरे. मीडियम वेव्हवरून टेप केलेल्या कार्यक्रमात वरचे सूर मुळातच आलेले नसतात, त्याला ९६,००० देऊन फक्त हार्ड डिस्क भरते. आवाजाचा सर्वांत उंच माथा शून्याच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील असं बेतावं, कारण एकदा कापला गेलेला माथा परत मिळत नाही. आणि सूं सूं काढण्याची घाई करू नये. ऑडॅसिटीतलं गोंगाट काढणारं साधन चांगलं आहे, पण तेही सलग आवाजावरच घाव घालतं. मूळ फाइल जशी आली तशी जपावी, सफाई करायची ती तिच्या नकलेवर.

फाइल एमपी३ करू नये, फ्लॅक करावी. २००१ साली आलेल्या या पद्धतीत फाइल साधारण निम्म्या आकाराची होते आणि उघडली की एकही बिट बदललेला नसतो. सीडीच्या दर्जाचा एक तास सुमारे ६३५ एमबी, फ्लॅक केल्यावर तीनशे-चारशेच्या आसपास. आजच्या हार्ड डिस्कवर हे काहीच नाही. राग, गायक, साथीदार, ठिकाण, साल आणि कॅसेट कुणाकडून मिळाली, हे फाइलच्या आत टॅगमध्ये लिहावं. मराठीत, देवनागरीत लिहिलं तरी चालतं, फूबार आणि व्हीएलसी दोन्ही ते नीट दाखवतात. शिक्षिकेने पहिल्या फाइलला नाव दिलं तेव्हा कॅसेटच्या पाठीवरचं साल वाचता येईना. त्या मैफलीत तबल्याला कोण होतं ते त्यांना आठवत होतं, म्हणून त्यांनी त्या तबलजींच्या मुलाला फोन लावला आणि साल विचारून घेतलं.